डाव्या सीटचं वजन

वीरेंद्र राठोडला गाडी कडक करून हवी होती. कडक म्हणजे किती, तर चाकाखाली खडा आला तर तो बुडाला कळला पाहिजे, इतकी. कारंज्याच्या बायपासला रवी तायडेचं गॅरेज आहे, तिथं उभं राहून त्यानं हे सांगितलं, आणि रवीनं हातातला पाना बाजूला ठेवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"वीरूभाऊ, तुमाले गाडी पायजे का बैलबंडी?"

"कडक कर म्हटलं ना."

"म्हटलं ना तुमी. पण काहून?"

काहून, म्हणजे का, याचं उत्तर वीरेंद्रकडे होतं, पण मेकॅनिकला सांगावं असं ते नव्हतं. म्हणून तो गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरू नये.

हा वीरेंद्र म्हणजे वाशीमकडच्या मालेगावचा. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. आठवडाभर फिल्टर आणि बेल्ट विकायचे, आणि वर्षातून दोन-तीन वेळा आपली लाल टर्बो गाडी काढून अमरावतीकडच्या क्लबाच्या रॅलीला जायचं, हा त्याचा शौक. लोक शौकापायी काय काय करतात, त्या मानानं हा बरा. रॅलीत गाडीत बहुधा दोघं असतात. एक चालवतो, दुसरा डाव्या सीटवर बसून पुढची वळणं ओरडून सांगतो. वीरेंद्रच्या डाव्या सीटवर त्याची बायको चंदा बसायची. आणि काय बसायची! क्लबातले बाकी लोक इंग्रजीत आकडे ओरडायचे, ही म्हणायची, "पुढचं उजवं सासूबाईसारखं आहे हो, आधी मोकळं आन मंग आवळते!" वीरेंद्रला ते बरोबर कळायचं. दोघांनी मिळून दोनदा बक्षिसाची ढाल आणली होती.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी चंदाला कावीळ झाली. आधी साधी वाटली, मग साधी राहिली नाही, आणि चंदा गेली. इतकंच.

तेव्हापासून या माणसाला काही कळेनासं झालं. वेड लागलं असं नाही हो. दुकान वेळेवर उघडायचा, गिऱ्हाइकाला हवं ते काढून द्यायचा, कुणी हसलं तर हसायचा. पण भाजी अळणी आहे की तिखटजाळ हे जीभ सांगायची नाही. थंडीत स्वेटर घालायचं राहून जायचं आणि थंडीही वाजायची नाही. रडू तर आलंच नाही. चंदाला नेलं त्या दिवशी तिच्या माहेरच्या तांड्यातल्या बायका ऊर बडवत होत्या आणि हा बाबा उभ्या उभ्या विचार करत होता की तिरडीची डावीकडची गाठ सैल बांधली आहे. आपल्याला काही वाटत नाही याची त्याला लाज वाटायला हवी होती. तीही वाटत नव्हती.

म्हणून कडक गाडी. रस्ता तरी लागेल अंगाला, एवढाच त्याचा हिशोब.

रवीला हे कुठून कळणार? तो आपला गाडीखाली वाकून शॉकअप दाखवायला लागला. शॉकअप सात वर्षांचे, तेल गळून गळून काळे पडलेले. "पाहा भाऊ. नुसत्या बुटक्या स्प्रिंगा टाकल्या तर गाडी दिसाले लय भारी दिसते. पोरं तेच करतात. पण हे जुने शॉकअप म्हणतात, हे कोण आलं बाप्पा नवं, आमच्यानं नाई सांभाळत. मंग एका खड्ड्यातून निघाली का पुढच्या खड्ड्यापर्यंत उड्या मारत जाते. स्प्रिंग आन शॉकअप जोडीनंच घ्या लागते. जोडी जमली तर…" इथं रवीनं जीभ चावली आणि उगाच चाकाला एक लाथ मारली.

वीरेंद्रच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "पुढं सांग."

"पुढं हेच का लय कडक नका करू. कडक गाडीचं आतलं चाक वळणावर उचलते. हवेत गेलेलं चाक काय पकडीन, सांगा? आपले रस्ते काय विमानतळ आहेत? चाक जमिनीवर राह्यलं पायजे, बस. मांगून थोडा जाड बॅलन्स रॉड टाकू, म्हंजे झोल कमी होईन. आन हे आटेवाले शॉकअप घ्या. फिरवलं का उंची कमी-जास्त होते. मंग चारी चाकावर वजन सारखं बसवू. टेबलाचा एक पाय आखूड असला तर कसं डुगडुगते, तसं नाई व्हायचं."

"बरं."

"बरं काय? घेऊ का आटेवाले?"

"घे."

"आन यंदा गट कोणता? जोडीचा का एकट्याचा? वजन त्या हिशोबानं बसवा लागते ना."

"पाहू," वीरेंद्र म्हणाला.

हा 'पाहू' शब्द कुणी काढला त्याला एकदा भेटायचं आहे. हो म्हणता येत नाही, नाही म्हणवत नाही, की म्हणायचं पाहू. समोरचा आपल्या सोयीचं काय ते पाहून घेतो. वीरेंद्र वर्षभर सगळ्यांना पाहू म्हणत होता आणि या पाहूनं त्याला चांगल्याच चिखलात नेऊन उभं केलं होतं.

झालं होतं असं. चंदाचा बाप उदयसिंग, म्हणजे वीरेंद्रचा सासरा. राहतात मानोऱ्याकडच्या तांड्यात. जन्मभर एसटी चालवली, आता निवृत्त. माणूस मोठ्या आवाजाचा पण लोण्याच्या काळजाचा. वीरेंद्रवर त्यांचा जीव. चंदाचं वर्ष झालं तसे ते दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "जवाईबापू, पोरगी तर गेली. जवाई नाई जाऊ द्याचा मले. रुची आहे ना घरात." रुची म्हणजे रुचिका, चंदाच्या पाठची. वाशीमला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. थोरली गेली तर धाकटीनं तिचं घर सांभाळावं, ही रीत काही उदयसिंगनी काढलेली नव्हती. तांड्यात अशी दोन घरं होती आणि दोन्ही सुखात होती, असं तरी बाहेरून दिसत होतं.

वीरेंद्र म्हणाला, "पाहू मामा."

झालं! सासऱ्यानं तो होकार धरला. पौष संपला की तांड्याच्या प्रमुखासमोर, म्हणजे नायकासमोर, बसून गूळ वाटायचा, असं ठरूनही गेलं. गूळ वाटला की बोलणं पक्कं, मग मागं फिरायचं नाही.

शॉकअप यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात रुचिकाचा फोन आला. वीरेंद्र दुकानात होता.

"भाऊजी, मी बोलून राह्यली."

"हं."

"भाऊजी, तुमी नाई म्हणा ना बाबाले. मी दोनदा म्हटलं, ते म्हणतात तुले समजत नाई. आई रडते. मी म्हटलं तर कोनी ऐकत नाई, तुमी म्हटलं तर बाबा ऐकतीन. मले तुमचा राग नाई भाऊजी. पण मले ताईच्या घरात ताई होऊन नाई राह्याचं."

वीरेंद्रनं ऐकलं. प्रत्येक शब्द नीट ऐकू आला. पोरगी बरोबर बोलते आहे, हेही समजलं. पण समजणं आणि वाटणं यांच्यामधला दोर कुठंतरी तुटलेला होता. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला क्लच प्लेट पाहिजे होती.

"पाहू," तो म्हणाला.

पलीकडून फोन बंद झाला. अरे मर्दा, एक शब्द होता! कुणाच्या लेकीचं आयुष्य त्या एका शब्दावर टांगलं होतं आणि यानं क्लच प्लेट काढून दिली. वर सासऱ्याचा फोन आला तेव्हा यानंच सांगितलं की अमुक दिवशी गाडी घेऊन कारंज्याला जाणार आहे. उदयसिंग लगेच म्हणाले, "मंग आमी येतो. रुचीले बी आणतो. बसू द्या तिले गाडीत, सवय होईन." आणि हा म्हणाला, "या."

त्या दिवशी वीरेंद्र गॅरेजला पोचला तेव्हा गाडी चार वजनकाट्यांवर उभी होती. एकेका चाकाखाली एकेक काटा. शहरात म्हणे याची वेगळी यंत्रं असतात. रवी आपला बाजार बंद असला की ओळखीच्या अडत्याकडून धान्य मोजायचे काटे उचलून आणतो, आणि माणसाऐवजी सीटवर सोयाबीनचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, ठेवतो. कारंज्यात सोयाबीनला काय तोटा? नवे शॉकअप बसले होते, मागचा रॉड बसला होता, तुरीच्या खळ्यावरचा भुसा वाऱ्यानं येऊन बॉनेटवर पडला होता.

"बसा भाऊ तुमच्या सीटवर," रवी म्हणाला. "चालवणारा बसल्याबिगर वजन खरं येत नाई."

वीरेंद्र दार उघडून बसला. आणि मग त्याला डावीकडे दिसलं. डाव्या सीटवर कट्टा होता. तोंड सुतळीनं शिवलेलं, आणि घसरू नये म्हणून त्याला सीटचा पट्टा लावलेला.

"हे कोणाचं वजन आहे?"

रवी काट्याचे आकडे वाचत होता. वाचता वाचता बोलून गेला, "वहिनीचंच. दरसाल जेवढं ठेवतो तेवढं." आणि मग तो गपकन थांबला. तोंडावर हात मारून घेतला. "भाऊ, आईची आन, ध्यानातच नाई आलं. हातानं आपलं सवयीनं मोजलं. काढतो ना, आताच काढतो."

"राहू दे," वीरेंद्र म्हणाला.

तो कट्ट्याकडे पाहत राहिला. आता काहीतरी व्हायला पाहिजे, असं त्याला वाटलं. छातीत कळ यावी, डोळ्यात पाणी यावं. काही नाही. पट्ट्याला पीळ पडला आहे, एवढं दिसलं. चंदा पीळ पडू द्यायची नाही, बसल्याबरोबर सरळ करायची. यानं हात लांब करून पीळ काढला.

तेवढ्यात उदयसिंग आले. एसटी स्टँडवरून चालत, तोंडानं एसटीच्या नव्या ड्रायव्हरचा उद्धार करत. "गिअर टाकून राह्यला का दगड फोडून राह्यला, काही समजत नाई! क्लचवरून पाय काढतच नाई भाड्या!" मागून रुचिका. खांद्याला कॉलेजची बॅग, ओढणी गच्च आवळून घेतलेली.

"हे काय रे रवी? सोयाबीनले पट्टा?" उदयसिंग हसले. "काढ तो कट्टा. खरं माणूस आणलं मी. रुची, बैस."

रवीनं वीरेंद्रकडे पाहिलं. वीरेंद्रनं नजर समोर वळवली. रवीनं कट्टा उचलून भिंतीला लावला.

रुचिका गाडीपाशी आली. आत वाकून एकदा वीरेंद्रकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. विनवणी करून झाली होती तिची. ती बसली. दार उघडंच होतं.

रवी काट्यांवरून फिरला. पुढचा डावा, मागचा डावा. पुन्हा पुढचा. उदयसिंग त्याच्या खांद्यावरून वाकून आकडे पाहत होते. "किती आलं? चंदीएवढंच असन. दोघी बहिणी एकाच अंगाच्या. काही बदलावं लागत नाई ना?"

"नाई, तसं… जवळपास तेवढंच," रवी पुटपुटला. "पण काटा ठरून नाई राह्यला. कमी दाखोते, मंग वाढते, मंग कमी. ताई, जरा हलू नका."

"मी नाई हलून राह्यली," रुचिका म्हणाली.

आणि ते खरं होतं. ती हलत नव्हती. पण शेजारी बसलेल्या वीरेंद्रला जे दिसलं ते रवीला आणि उदयसिंगना दाराआड दिसत नव्हतं. रुचिकाचा उजवा पाय गाडीत होता. डावा पाय बाहेर, खाली फरशीवर होता. नुसता टेकलेला नाही, रोवलेला. सगळ्या अंगाचा भार ती त्या पायावर घेत होती. पोटरी थरथरत होती, आणि ती थरथर तिकडं काट्याच्या आकड्यात उतरत होती.

"पाय आत घे बेटा," उदयसिंगना आता दिसलं. "पुरी बैस ना."

रुचिका समोर काचेकडे पाहत राहिली. पाय आत घेतला नाही.

"रुची, आयकू येते ना? पाय आत घे म्हणतो."

तिनं ओठ घट्ट मिटले. डोळ्यातून पाणी निघालं, गालावरून हनुवटीपर्यंत आलं, ते तिनं पुसलंही नाही. आणि मग, बापाचं मन मोडवेना म्हणून असेल, तिची टाच फरशीवरून उचलली जायला लागली. हळूहळू. काट्याचा आकडा चढायला लागला.

"रवी," वीरेंद्र म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "एकट्याची लाव."

"काय?"

"एकट्याची. डाव्या सीटवर काही ठेवू नको. कट्टा बी नाई." मग तो रुचिकाकडे वळला. "उतर बाई. उतर तू."

रुचिका उतरली. उतरली म्हणजे उठली आणि गेलीच, गॅरेजच्या मागच्या नळाकडं. पाण्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला.

उदयसिंग हलले नाहीत. मोठ्या आवाजाचा माणूस, पण आवाज बारीक झाला. "म्हंजे? जवाईबापू, म्हंजे तुमी आता आमचे कोनी नाई?"

वीरेंद्र गाडीतून बाहेर आला. सासऱ्यासमोर उभा राहिला. "मामा, मी तुमचाच आहे. दिवाळीले येईन, तुमाले काही झालं तर धावत येईन. पण ती चंदा नाई मामा. तिचं वजन आलं म्हणून ती चंदा नाई होत. तिनं मले फोन करून सांगतलं होतं आन मी गप्प राह्यलो. चूक माही आहे. गूळ नका वाटू."

"तिनं सांगतलं? तुमाले?"

"तुमालेही सांगतलं तिनं. आपन दोघांनी नाई आयकलं."

उदयसिंग भिंतीशी टेकवलेल्या कट्ट्यावर जाऊन बसले. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. रवीनं पाण्याचा पेला दिला तो घेतला आणि न पिता तसाच धरून बसले. मग म्हणाले, "मले वाटलं होतं, घर तसंच राहीन. चंदी नाई तर नाई, बाकी सगळं तसंच राहीन."

"मलेही वाटलं होतं," वीरेंद्र म्हणाला. ते खोटं होतं. त्याला वर्षभरात काहीच वाटलं नव्हतं. पण म्हाताऱ्याच्या शेजारी उभं राहून बोलायला तेवढंच सुचलं.

उदयसिंगनी डोळे पुसले आणि ड्रायव्हरचा जातिवंत स्वभाव जाईल कुठं, म्हणाले, "रिकामी एसटी लय आपटते, जवाईबापू. भरली गाडी सुखानं जाते. रिकामी जपून चालवा लागते."

रुचिका नळावरून आली. बापापाशी गेली. बापानं तिच्याकडे पाहिलं नाही, पण हातातला पेला तिच्यापुढं केला. तिनं तो घेतला आणि गटागटा पिऊन टाकला.

रवी कामाला लागला. डावीकडचे आटे थोडे सोडले, उजवीकडचे आवळले, काटे पाहिले, पुन्हा आवळले. कडकपणाचं बटण त्यानं मधोमध ठेवलं आणि वीरेंद्रला विचारलंसुद्धा नाही. वीरेंद्रनंही ते तसंच राहू दिलं. शेवटी रवी उठला, हात पुसले. "या फिरवून. सोहोळच्या रस्त्यानं जा, तिकडं वळणं बरी आहेत."

वीरेंद्र निघाला. गाव मागं पडलं, दोन्ही बाजूला कापलेली तुरीची शेतं लागली. पहिलं वळण आलं तसा त्यानं सवयीनं कान डावीकडं दिला. कुणी काही सांगितलं नाही. त्यानं स्टिअरिंग वळवलं आणि गाडी वळली. झोल नाही, ओढ नाही, चारी चाकं रस्त्याला धरून. दुसरं वळण त्यानं जरा जोरात घेतलं. गाडी तशीच गेली. तिसरं वळण अवघड होतं, आधी मोठं आणि मग अरुंद होत जाणारं. तिथं गाडी आधी नेहमी बाहेर फेकायची. आज हू की चू केलं नाही.

सात वर्षांत गाडी इतकी चांगली कधी चालली नव्हती. दोघांनी ढाली आणल्या तेव्हाही नाही. का नाही, हे त्याला समजायला पुढचं वळण यावं लागलं. शॉकअप नवे होते हे खरं, पण त्याला दिसलं ते एवढंच, की चंदा नव्हती म्हणून चालत होती. तिचं वजन काढलं, आणि गाडी सुधारली.

त्यानं कसाबसा ब्रेक लावला, गाडी रस्त्याच्या कडेला मातीत घेतली, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि ओरडला. रडला म्हणावं तर तसं रडणं कुणी माणसानं करू नये, बैल हंबरतो तसा आवाज होता तो. वर्षभर कुठं अडकून पडलं होतं कुणास ठाऊक, सगळं एकदम आलं. चंदा, चंदा म्हणत राहिला. रिकाम्या सीटवर हात आपटत राहिला.

समोरून एक एसटी आली. ड्रायव्हरनं वेग कमी केला, गाडी बाजूला घेतली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं भाऊ? गाडी बिघडली का?"

वीरेंद्रनं मान वर केली. तोंड सगळं ओलं होतं, नाक वाहत होतं.

"नाई भाऊ," तो म्हणाला. "गाडी लय चांगली चालून राह्यली."